विश्लेषण : इंटरनेटचे कुलूप फुकट, मग कुलूपवाल्याचा पगार कोण देतो?

मनीषनगरातून बेसाकडे जाताना दुकानांच्या पाट्या वाचत गेलात, तर अनेक पाट्यांच्या तळाशी संकेतस्थळाचा पत्ता दिसतो. कोचिंग क्लास, दातांचा दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब, फ्लॅट स्कीमचे बिल्डर, लग्नाचे हॉल. अशा साइटवर आपण नाव, मोबाइल क्रमांक, कधी रक्ततपासणीचा रिपोर्ट बघण्यासाठी पासवर्ड टाकतो. ही माहिती वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक रूपात जाते. समोरची साइट खरोखर त्याच पत्त्याची आहे, याची ग्वाही एक डिजिटल प्रमाणपत्र देते. जगातल्या ५० कोटींहून अधिक संकेतस्थळांना हे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ नावाची सेवा देते, आणि त्यासाठी एक पैसाही घेत नाही.

ही सेवा ‘इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप’ ही अमेरिकेतील ना-नफा संस्था चालवते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा खर्च कुणीतरी करतच असतो. तो किती होतो आणि कशावर होतो, हे या संस्थेने वेळोवेळी स्वतःच जाहीर केले आहे. ते आकडे वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. यंत्रासाठी पैसे देणारे भेटतात, पण यंत्र सांभाळणाऱ्या माणसाच्या पगारासाठी हात सैल करणारे फार थोडे असतात. आणि आपण भारतीय या व्यवहारात जवळपास पूर्णपणे घेणाऱ्यांच्या बाजूला आहोत.

प्रमाणपत्र करते काय?

पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसते, त्यातला शेवटचा ‘एस’ म्हणजे हे प्रमाणपत्र. जुलै २०१८ पासून गुगल क्रोमने प्रमाणपत्र नसलेल्या प्रत्येक साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवायला सुरुवात केली. तेव्हापासून अगदी छोट्या दुकानदारालाही ते घेणे भाग पडले. पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चिन्ह मात्र क्रोमने २०२३ मध्ये काढून टाकले. कुलूप सगळीकडेच असते, मग ते वेगळे काय दाखवायचे, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कुलूप दिसले म्हणजे दुकानदार प्रामाणिक, असा लोकांचा समज झाला होता. तो चुकीचा आहे. प्रमाणपत्र फक्त वाट सुरक्षित करते. वाटेच्या टोकाला भामटा बसलेला असेल, तर त्याच्याकडेही प्रमाणपत्र असू शकते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, हे यानिमित्ताने पुन्हा सांगायला हरकत नाही.

आधी पैसे पडत, मग फुकट कसे झाले?

दहा-बारा वर्षांपूर्वी हे प्रमाणपत्र बहुधा विकत घ्यावे लागे. अर्ज करा, पैसे भरा, ई-मेल तपासा, फाइल सर्व्हरवर चढवा, आणि मुदत संपली की पुन्हा तेच. पैशांपेक्षा हा व्याप मोठा होता. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातील काही जणांनी हा व्यापच संपवायचे ठरवले. संस्था २०१३ मध्ये स्थापन झाली, सेवेची घोषणा नोव्हेंबर २०१४ मध्ये झाली आणि ३ डिसेंबर २०१५ रोजी ती सर्वांसाठी खुली झाली.

यातली मुख्य कल्पना अशी की, माणसाने माणसाशी बोलायचे कामच ठेवायचे नाही. तुमचा सर्व्हर त्यांच्या सर्व्हरला सांगतो, ‘या पत्त्यावर माझा ताबा आहे.’ तो सर्व्हर म्हणतो, ‘मग अमुक ठिकाणी ही खूण ठेवून दाखव.’ खूण सापडली की प्रमाणपत्र मिळते. सगळे काही सेकंदांत. या संवादाची पद्धत २०१९ मध्ये इंटरनेटचे अधिकृत मानक झाली, त्यामुळे आता इतर कंपन्याही तीच वापरतात.

इथे इंजिनीअरिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्याला वाटेल ते मलाही कॉलेजात असताना वाटले होते: सगळे आपोआप होते, तर मग माणसे लागतात कशाला?

शंभर रुपयांतले एकाहत्तर

सप्टेंबर २०१६ मध्ये संस्थेने २०१७ साठीचा अंदाजपत्रकीय हिशेब जाहीर केला. एकूण खर्च २९ लाख १० हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेएकोणीस कोटी रुपये. त्यात कर्मचाऱ्यांवर २० लाख ६० हजार डॉलर. यंत्रसामग्री आणि सॉफ्टवेअरवर दोन लाख. सुरक्षित डेटा सेंटरमधील जागा आणि लेखापरीक्षण यांवर तीन लाख. कायदेशीर व प्रशासकीय बाबींवर साडेतीन लाख. म्हणजे दर शंभर रुपयांतले ७१ रुपये माणसांवर आणि जेमतेम सात रुपये यंत्रांवर.

आपल्या कुठल्याही फ्लॅट स्कीमच्या सोसायटीचा वार्षिक हिशेब काढून बघा. गेट एकदाच बसवले जाते, सीसीटीव्ही एकदाच लागतात. वॉचमनचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, आणि वार्षिक सभेत सगळ्यात जास्त कुरबुर त्याच आकड्यावर होते. ‘कॅमेरे लावलेत ना, मग रात्रीचा माणूस कशाला?’ हा प्रश्न विचारणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात.

त्या वेळी लेट्स एन्क्रिप्टकडे आठ पूर्णवेळ कर्मचारी होते आणि आणखी दोघे मोझिला व इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पगारावर तिथे काम करत होते. या दहांपैकी पाच जण यंत्रणा चालती ठेवणारे, तीन सॉफ्टवेअर लिहिणारे, एक जण संपर्क आणि निधी संकलनासाठी, आणि एक कार्यकारी संचालक. सर्वांत मोठी तुकडी पहारा देणाऱ्यांची. कारण ही सेवा रात्री बंद ठेवता येत नाही. नागपुरात दुपार असते तेव्हा कॅलिफोर्नियात मध्यरात्र असते आणि प्रमाणपत्रांची मागणी दोन्ही वेळी सारखीच येत राहते. सॉफ्टवेअरवर मात्र जवळपास काहीच खर्च नाही, कारण वापरात असलेले बहुतेक सगळे मुक्त स्रोत आहे. तेही कुणीतरी बिनपैशाने किंवा दुसऱ्याच्या पगारावर लिहिलेले असते, हा मुद्दा पुढे येईलच.

सव्वा रुपया

फेब्रुवारी २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टने एक अब्जावे प्रमाणपत्र दिले. त्या निमित्ताने संस्थेने दोन काळांची तुलना मांडली. जून २०१७ मध्ये सेवा वापरणारी संकेतस्थळे सुमारे ४ कोटी ६० लाख, पूर्णवेळ कर्मचारी ११ आणि वार्षिक खर्च २६ लाख १० हजार डॉलर. फेब्रुवारी २०२० मध्ये संकेतस्थळे जवळपास १९ कोटी २० लाख, कर्मचारी १३ आणि खर्च सुमारे ३३ लाख ५० हजार डॉलर.

संकेतस्थळे चौपटीहून जास्त वाढली. माणसे फक्त दोन वाढली.

भागाकार करून बघितला. २०२० मध्ये एका संकेतस्थळामागे वर्षाचा खर्च पावणेदोन सेंट येतो. तेव्हाच्या विनिमय दराने सव्वा रुपया. पूजेला बसताना आपण विड्यावर जेवढी दक्षिणा ठेवतो तेवढा. २०१७ मध्ये हाच खर्च साडेतीन रुपयांच्या थोडा वर होता. इतक्या स्वस्तात इतक्या लोकांना सुरक्षा देणारी दुसरी व्यवस्था शोधूनही सापडणे कठीण आहे. तुलनेसाठी सांगायचे, तर महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये राज्याच्या सायबर सुरक्षा प्रकल्पाला सुमारे ८३७ कोटी रुपये मंजूर केले. ही तुलना तशी अन्यायाची आहे. त्या प्रकल्पात पोलिस तपास, प्रयोगशाळा, मदतवाहिनी असे बरेच काही येते, आणि ते हवेच. पण सरकारी सुरक्षा प्रकल्पाचा पसारा एवढा असतो आणि जगाच्या कुलपांचा कारखाना २०२० मध्ये साधारण २४ कोटी रुपयांत चालत होता, एवढे लक्षात राहावे.

दोन मिनिटांत कामकाज बंद

त्या अब्जाच्या घोषणेला दोन दिवसही झाले नव्हते. २९ फेब्रुवारी २०२०, शनिवार. आपल्याकडे सकाळचे आठ वाजून ३८ मिनिटे झाली असताना लेट्स एन्क्रिप्टच्या अभियंत्यांची खात्री पटली की, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे. एखाद्या पत्त्यासाठी प्रमाणपत्र देण्याची परवानगी आपल्याला आहे की नाही, हे ऐनवेळी पुन्हा तपासण्याची जी पायरी असते, ती काही वेळा नीट होत नव्हती. आठ चाळीसला, म्हणजे अवघ्या दोन मिनिटांत, त्यांनी प्रमाणपत्रे देणे थांबवले. दहा बावन्नला दुरुस्ती लागू झाली आणि काम पुन्हा सुरू झाले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती.

अवघड भाग त्यानंतरचा होता. दोषाचा परिणाम झालेली ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रे नियमानुसार पाच दिवसांत रद्द करायला हवी होती. ती सरसकट रद्द केली असती, तर लाखो साइट उघडताना लोकांना धोक्याचा लाल पडदा दिसला असता. संस्थेने साइटचालकांना कळवले, अर्ध्याहून अधिक प्रमाणपत्रे मुदतीत रद्द केली आणि उरलेली, साइट बंद पडू नयेत म्हणून, तेव्हा रद्द न करण्याचा निर्णय उघडपणे जाहीर केला. नियम पाळायचा की लोकांची गैरसोय टाळायची, हा निर्णय कुठलेही यंत्र घेत नाही. तेरा जणांच्या संस्थेने तो घेतला.

दुसरे उदाहरण आपल्या जास्त जवळचे. सप्टेंबर २०२१ मध्ये एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपणार होती. त्यानंतर ७.१.१ च्या आधीची अँड्रॉइड आवृत्ती असलेले फोन लेट्स एन्क्रिप्टच्या साइटवर विश्वास ठेवणार नव्हते. असे जुने फोन कुणाकडे असतात? सेकंडहँड घेणाऱ्यांकडे, घरातल्या मोठ्यांचा फोन धाकट्याला मिळतो तिथे. संस्थेने ‘आयडेनट्रस्ट’ या कंपनीशी बोलणी करून त्या फोनना आणखी तीन वर्षे चालेल असा मार्ग काढला. फोनच्या मालकांना यातले काहीच कळले नाही. अशा कामाचे हेच दुर्दैव आहे. नीट झाले की ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला देणगी मिळत नाही.

मग पैसे देते कोण?

मुख्यतः कंपन्या. मोझिला, सिस्को, गुगल क्रोम, ओव्हीएच यांसारखे प्रायोजक, काही अनुदाने आणि सामान्य लोकांच्या देणग्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये संस्थेने पहिली लोकवर्गणी मोहीम काढली, तेव्हा लक्ष्य होते दोन लाख डॉलर, म्हणजे जेमतेम एका महिन्याचा खर्च.

एखाद्याला वाटेल, गुगल देतेच आहे, मग आपण कशाला? पण प्रायोजक हा प्रायोजक असतो. दर वर्षी त्याच्याकडे नव्याने जावे लागते, आणि त्याचे मन बदलायला एक वाईट तिमाही पुरते. अनुदानाचीही तीच गत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने ओपन टेक्नॉलॉजी फंडाचा निधी थांबवण्याचा आदेश काढला. या फंडाकडून मदत मिळवणाऱ्यांत लेट्स एन्क्रिप्टही होते. फंड न्यायालयात गेला आणि तो आदेश मागे घेतला गेला, पण वॉशिंग्टनमधला एक कागद कुठवर पोहोचू शकतो ते यातून दिसले.

त्याच वर्षी संस्थेने खर्चाला आणखी एक कात्री लावली. प्रमाणपत्राची मुदत संपत आली की आठवण करून देणारे ई-मेल पाठवणे ४ जून २०२५ पासून बंद झाले. त्या ई-मेलवर वर्षाला हजारो डॉलर, किंबहुना दहा-दहा हजारांच्या पटीत खर्च होत होता आणि तो पैसा इतर यंत्रणेवर वापरणे अधिक योग्य, असे कारण दिले गेले.

पैसा नसला की काय होते, याचा धडा जगाला एप्रिल २०१४ मध्येच मिळाला होता. ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सापडला. बँकांपासून ई-मेलपर्यंत इंटरनेटचा मोठा भाग या सॉफ्टवेअरवर उभा होता. त्याच्या संस्थेला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे दोन हजार डॉलर, आणि त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. दोष उघड झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी घाईघाईने निधी उभा केला. विहिरीत मूल पडल्यावर कठडा बांधायची आपली पद्धत अमेरिकेतही आहे म्हणायची.

पंख्यावर नाव लिहिता येते

आपल्या देवळांत, शाळांत, समाजभवनांत छताच्या पंख्यावर देणगीदाराचे नाव रंगवलेले असते. बाकावर असते, पाण्याच्या कूलरवर असते. पुजाऱ्याच्या, शिपायाच्या किंवा विजेच्या बिलाच्या नावाने पाटी लागलेली मी तरी पाहिलेली नाही. पगारावर नाव रंगवता येत नाही, म्हणून पगाराला देणगी नाही.

आपला कायदाही काहीसा याच वळणाचा आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा, उलाढाल किंवा मत्ता असलेल्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करायची असते. पण हा खर्च भारताबाहेरच्या कामांवर करता येत नाही. अपवाद फक्त खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. अनुसूची सातमधल्या कामांच्या यादीत मुक्त स्रोत सॉफ्टवेअर सांभाळणे किंवा इंटरनेटची सामायिक सुरक्षा याला स्वतःचे नाव नाही. व्यक्तीने परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची सवलतही मिळत नाही. त्यामुळे मिहानमधल्या एखाद्या आयटी कंपनीला मनापासून मदत करायची असली, तरी ती नेहमीच्या व्यावसायिक खर्चातूनच करावी लागेल. अशक्य नाही. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तो असाच स्वतःच्या खिशातून. असे दुसरे नाव चटकन आठवत नाही, ही खरी अडचण आहे.

हीच गाठ गल्लीतही आहे. माझ्या ओळखीचे एक वेब डिझायनर दवाखान्यांच्या साइट बनवून देतात. त्यांच्या बिलात ‘एसएसएल चार्जेस : २,००० रुपये’ अशी ओळ असते. प्रमाणपत्र फुकटचे असते, मग हे दोन हजार कशाचे, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘मेंटेनन्स लिहिलं की डॉक्टरसाहेब म्हणतात, वर्षभर तुम्ही करता काय? एसएसएल लिहिलं की मुकाट्यानं देतात.’ मला त्यांचा राग आला नाही. ते दोन हजार त्यांच्या कष्टाचेच आहेत. साइट मध्यरात्री बंद पडली तर उठणारे तेच आहेत. ग्राहक वस्तूचे पैसे देतो, देखभालीचे देत नाही, म्हणून देखभालीला वस्तूचे नाव द्यावे लागते. कॅलिफोर्नियातल्या संस्थेची आणि मनीषनगरातल्या या माणसाची तक्रार एकच आहे. फरक एवढाच की संस्थेला खोटे नाव देता येत नाही.

आपलेच का उभारू नये?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आपल्याकडेच एक उत्तर आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या पत्त्यांसाठी परस्पर दिलेली बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. ती नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या, म्हणजे आपल्या एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून निघाली होती. त्या यंत्रणेत कुणीतरी शिरकाव केल्याचे निष्पन्न झाले. भारत सरकारच्या प्रमाणपत्र नियंत्रकांनी एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली आणि गुगलने भारतीय नियंत्रकांच्या प्रमाणपत्रांवरचा विश्वास सरकारी व काही ठरावीक पत्त्यांपुरताच मर्यादित केला.

याचा अर्थ आपण करूच नये, असा नाही. पण इमारत, सर्व्हर आणि उद्घाटनाची फीत एवढ्याने विश्वास तयार होत नाही. रात्री दोन मिनिटांत निर्णय घेणारी, बाजारभावाने पगार मिळणारी, वर्षानुवर्षे टिकणारी माणसे ठेवावी लागतात. अभियंते आपल्याकडे कमी नाहीत. सरकारी निविदेत ‘देखभाल’ या ओळीसमोर जो आकडा असतो, तो कमी आहे. ‘सेवाभावी संस्था म्हणजे कमी पगार’ हे गणित सुरक्षेच्या कामाला लावले, की चांगला माणूस दोन वर्षांत बंगळुरूला निघून जातो.

मला विचाराल तर दोन गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. केंद्राने अनुसूची सातमध्ये सामायिक डिजिटल सुरक्षेला स्पष्ट जागा द्यावी आणि त्यात पगाराचा खर्च मोकळेपणाने मान्य करावा. दुसरे, ज्या होस्टिंग कंपन्या ही फुकटची प्रमाणपत्रे आपल्या पॅकेजमध्ये घालून विकतात, त्यांनी प्रत्येक ग्राहकामागे वर्षाला काही रुपये त्या संस्थेकडे वळवावेत. सव्वा रुपया दिला तरी हिशेब चुकता होतो, हे आपण वर पाहिलेच.

मुदत आता दिवसांत मोजायची

हे सगळे आत्ताच का बोलायचे, तर नियम बदलत आहेत. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर आणि प्रमाणपत्र संस्थांच्या जागतिक मंचाने प्रमाणपत्राची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवायला मंजुरी दिली. पूर्वी ती ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे मुळातच ९० दिवसांची आहेत, आणि तीही आणखी आखूड होणार आहेत. चोरीला गेलेले प्रमाणपत्र फार काळ वापरता येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बदलणारी बँक, पतसंस्था किंवा महाविद्यालय यापुढे तसे करू शकणार नाही. त्यांनाही स्वयंचलित सेवेकडे यावे लागेल, आणि तिचा भार वाढेल. आठवणीचे ई-मेल तर बंदच झाले आहेत. तुमच्या दुकानाची, क्लासची, दवाखान्याची साइट असेल, तर ती सांभाळणाऱ्याला एवढेच विचारून ठेवा: प्रमाणपत्राचे नूतनीकरण आपोआप होते की तुम्ही हाताने करता, आणि ते अडले तर कुणाच्या फोनवर सूचना येते? तो माणूस वर्षाचे पैसे मागेल. पावतीवर ‘देखभाल’ असे लिहून घ्या आणि द्या.